ठळक न छापलेला आकडा

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता आणि नागपुरात पाऊस अजून पोचला नव्हता. सोबत काका, काकांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा. खुर्चीवर टेकायच्या आधीच काकांनी विचारलं, "मॅडम, कॅन्सर आहे का नाही, तेवढं सांगून द्या."

काकूंचं वय ५४. नंदनवनात मेस चालवतात. साठेक पोरं दोन्ही वेळ जेवतात, त्यातली बरीचशी मेडिकलची. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हिशेब आणि भाजीबाजार त्यांच्याकडे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

तक्रार काय, म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, "थकून राहिली मी. पोळ्या लाटता लाटता मधेच बसून जावं वाटते. अन् विसरभोळेपणा इतका, का मिठाचा डबा हातात धरून मीठ शोधते." बद्धकोष्ठ होतं. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागायचं. तहान खूप लागायची, पण मे महिन्यात नागपुरात कोणाला लागत नाही? सहा फुटी भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला जास्त तहान लागते, याचं कोणालाच नवल वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

मागचा इतिहास मात्र बोलका होता. २०१९ साली मूतखडा झाला, तो आपोआप पडला. २०२१ साली दुसरा झाला, तो दुर्बिणीतून काढला. आताच्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा तिसरा. "इथलं पाणीच तसं आहे" असं त्यांना प्रत्येक वेळी सांगितलं गेलं, आणि त्यावर त्यांनी पाण्याचं मशीन बसवलं. जानेवारीत अंगणात पाय घसरला, हातावर पडल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी दुखणं राहिलं, म्हणून मे महिन्यात अस्थिरोगतज्ज्ञांनी रक्त तपासायला सांगितलं. या साऱ्या प्रवासात कॅल्शिअम मोजायचं पहिल्यांदा त्यांनाच सुचलं, हे श्रेय त्यांचं. दोन मूतखडे झालेल्या माणसाचं कॅल्शिअम एकदाही मोजलं जात नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तपासणी शंभर-दोनशे रुपयांची असते.

रिपोर्ट असा होता: कॅल्शिअम ११.२ मिलिग्रॅम, ठळक अक्षरांत, म्हणजे मर्यादेबाहेर. फॉस्फरस २.२, ठळक. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची मोडतोड-बांधणी वाढली की वाढणारं विकर) २४६, ठळक. ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम, ठळक. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ३.४, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.८. चार दिवसांनी पीटीएच झालं, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींतून निघणारं संप्रेरक. ते ६३. बाजूला कंसात मर्यादा छापलेली, १५ ते ६५. हा आकडा मात्र बारीक, साध्या अक्षरांत.

त्या साध्या अक्षरांनी तीन आठवडे खाल्ले. कागदावर कोणीतरी लिहिलं होतं, "पीटीएच नॉर्मल, कर्करोग नाही याची खात्री करावी." मग रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस, कवटीचा एक्स-रे, छातीपोटाचं सीटी स्कॅन. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कर्करोग, हा शब्द काकांनी मोबाइलवर वाचला आणि झोप घालवली. सगळे रिपोर्ट स्वच्छ आले, तरी कॅल्शिअम वाढलेलंच. कारण न सापडल्यामुळे भीती उलट वाढली. काकूंचं वजन तसंच होतं, काकांचं तीन किलो उतरलं होतं.

आधी हिशेब सरळ केला. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शिअम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शिअम खोटं कमी दिसतं. ढोबळ रीत अशी की, अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शिअममध्ये मिळवायचं. काकूंचं अल्ब्युमिन ०.६ ने कमी, म्हणजे साधारण ०.५ वाढवायचं. खरं कॅल्शिअम ११.७ च्या घरात. थोडंसं वाढलंय म्हणून सोडून द्यावं असा हा आकडा नाही.

आणि आता ते ६३. मानेत थायरॉइडच्या मागे बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. मराठीत परावटू ग्रंथी. प्रत्येकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढीच. रक्तातलं कॅल्शिअम कमी झालं की त्या पीटीएच सोडतात. पीटीएच हाडांतून कॅल्शिअम काढतं, मूत्रपिंडाला कॅल्शिअम राखून फॉस्फरस सोडायला लावतं, आणि तिथेच ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप करवून आतड्यातून जास्त कॅल्शिअम शोषायला लावतं. कॅल्शिअम वाढलं की त्यांनी गप्प बसायचं असतं. रक्तातलं निम्मं पीटीएच दोन ते चार मिनिटांत संपतं, त्यामुळे गप्प बसायला वेळ लागत नाही.

काकांना मी त्यांच्याच भाषेत विचारलं. मेसमधला तांदळाचा डबा काठोकाठ भरलाय, बाहेर सांडतोय, तरी तुम्ही रोज दुकानातून नेहमीइतकाच तांदूळ आणताय. मी म्हटलं, "आणणं तर नॉर्मल आहे," तर चालेल? काका हसले नाहीत. म्हणाले, "नाही. डबा भरला का आणणं बंद पाहिजे."

६३ मध्ये एवढंच आहे. कर्करोगामुळे कॅल्शिअम वाढलं असतं, मायलोमा असता, टीबी किंवा सार्कॉइडसारखा गाठींचा आजार असता, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला असता, तर निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथी गप्प झाल्या असत्या आणि पीटीएच २० च्या खाली, बहुधा त्याहूनही बरंच खाली गेलं असतं. ११.७ कॅल्शिअम असताना ६३ पीटीएच म्हणजे ग्रंथी बोलत आहेत, गप्प बसायच्या वेळी बोलत आहेत. कंसातली मर्यादा निरोगी माणसांच्या नॉर्मल कॅल्शिअमसाठी काढलेली असते. मशीनला हे ठाऊक नसतं. ते प्रत्येक आकडा एकटा बघतं.

"म्हणजे कॅन्सर नाही?" काकांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "त्या दिशेनं शोधायचं आता थांबवू." पॅराथायरॉइडचाच कर्करोग असतो, पण शंभरात एकालाही नाही, आणि त्यात कॅल्शिअम सहसा १४ च्या पुढे पळतं. तेवढं बोलायची त्या दिवशी गरज नव्हती.

मी पीटीएच पुन्हा करायला सांगितलं, त्याला एक स्थानिक कारण होतं. पहिलं रक्त घरी येऊन घेतलं होतं, मे महिन्यात, दुपारी बारानंतर. तो मुलगा स्कूटरवर अजून चार घरं फिरून मग लॅबमध्ये गेला असणार. पीटीएच नाजूक असतं. साध्या बाटलीतल्या रक्तात, उष्णतेत, ते तासातासाला मोडत जातं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत ते कितीतरी जास्त टिकतं. (कॅल्शिअम मात्र कधीही जांभळ्या बाटलीतून मोजायचं नाही. ईडीटीए कॅल्शिअमला पकडून ठेवतं आणि आकडा खोटा कमी येतो. मी एकदा अशा आकड्यावरून एका तरुणाला जवळजवळ कॅल्शिअमचं सलाइन लावलं होतं.) काकूंना सकाळी उपाशीपोटी लॅबमध्येच पाठवलं, दंडाला पट्टा घट्ट बांधून ठेवू नका असं लिहून. कारण पट्टा जास्त वेळ राहिला की कॅल्शिअम खोटं वाढतं. दोन्ही तपासण्या एकाच वेळी, एकाच टोचणीत. कॅल्शिअम ११.४, पीटीएच १३८.

आता १३८ ठळक छापून आलं. उन्हामुळे किती फरक पडला आणि मशीन बदलल्यामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. पण १३८ आलं म्हणून निदान बदललं नाही. ६३ वरच ते झालेलं होतं. तेव्हाच्या रिपोर्टवर चुकीचं काही छापलेलं नव्हतं, वाचायचं मात्र अपुरं झालं होतं.

इथे एक शंका रास्त आहे, आणि बरोबरच्या एका तरुण डॉक्टरने ती विचारलीही. ड जीवनसत्त्व ९ आहे, मग पीटीएच त्यामुळेच वाढलं नसेल? ड जीवनसत्त्व कमी, मूत्रपिंड निकामी, आतड्याचे शोषणाचे आजार, या सगळ्यांत पीटीएच वाढतं. त्याला दुय्यम वाढ म्हणतात. पण तिथे ग्रंथी कोणाच्या तरी मदतीला धावत असतात. कॅल्शिअम कमी होऊ पाहतंय, म्हणून त्या जास्त काम करतात. अशा रुग्णाचं कॅल्शिअम कमी असतं किंवा कसंबसं नॉर्मल, वाढलेलं नसतं. पीटीएच कितीही असो, कॅल्शिअम कोणत्या बाजूला झुकलंय ते आधी बघायचं. झुकाव वरच्या बाजूला असेल तर दोष ग्रंथीतच. (अपवाद वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांचा, जिथे धावून धावून ग्रंथी थांबायचंच विसरतात. काकूंचं क्रिएटिनिन ०.८ होतं, तो प्रश्न नव्हता.)

दुय्यम आणि मूळ यांतला हा गोंधळ नवा नाही. माणसातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉमने १८८० साली केलं. त्याआधी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या मानेत रिचर्ड ओवेनला ती सापडली होती, हे मला विनाकारण आवडतं. पुढे हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांत या ग्रंथी मोठ्या दिसू लागल्या. तेव्हाचं मत असं की हाडं आधी बिघडतात आणि ग्रंथी त्यांना वाचवायला मोठ्या होतात. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडलकडे एक रुग्ण होता, हाडं झिजून अपंग झालेला. मांडलने त्या मतानुसार आधी त्याला पॅराथायरॉइडचा अर्क दिला, मग दुसऱ्याची ग्रंथी त्याच्या अंगात बसवली. फरक पडला नाही. मग मान उघडून मोठी झालेली ग्रंथी काढली, आणि माणूस सुधारू लागला. तो रुग्ण ट्रामचा कंडक्टर होता. हे काकांना सांगितलं तेव्हा त्या भेटीत ते पहिल्यांदा हसले.

आता माझ्या चुकीकडे येते, म्हणजे जवळजवळ झालेल्या.

कॅल्शिअम जास्त आणि पीटीएच जास्त, किंवा नको तेवढं नॉर्मल, अशी जोडी दोन आजारांत दिसते. एक, ग्रंथीची गाठ किंवा वाढ, ज्यात शस्त्रक्रियेनं माणूस बरा होतो. दुसरा आनुवंशिक. त्यात शरीराला कॅल्शिअम जाणवणारा संवेदकच जन्मापासून थोडा बधिर असतो. ग्रंथींना ११ हेच ९.५ वाटतं. मूत्रपिंडालाही तसंच वाटतं, म्हणून ते लघवीतून कॅल्शिअम सोडत नाही. या माणसांना बहुधा काहीच त्रास होत नाही, आणि त्यांची मान उघडून ग्रंथी काढल्या तरी कॅल्शिअम खाली येत नाही. म्हणजे चुकून शस्त्रक्रिया झाली तर ती फुकट जाते. म्हणून लघवी मोजायची. २४ तासांची लघवी गोळा करून, लघवीतलं कॅल्शिअम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं कॅल्शिअम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन. उत्तर ०.०१ च्या खाली आलं तर आनुवंशिक आजाराकडे कल, ०.०२ च्या वर असेल तर ग्रंथीकडे. मधला पट्टा धूसर.

चोवीस तास लघवी साठवायला सांगणं सोपं, करणं अवघड. काकूंनी रविवार निवडला, कारण त्या संध्याकाळी मेस बंद असते. पाच लिटरची कॅन मोरीत कपड्याच्या बादलीआड ठेवली होती म्हणे, कोणा पोराला दिसू नये म्हणून.

आकडे आले. लघवी १.६ लिटर, कॅल्शिअम दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन ५०. रक्तात कॅल्शिअम ११.२, क्रिएटिनिन ०.८. भागाकार ०.००८६.

मी तो आकडा दोनदा काढला. मग काका-काकूंना म्हटलं की हे कदाचित जन्मजात असेल, मुलाचं आणि बहिणीचं कॅल्शिअम तपासू, शस्त्रक्रिया लागणारच नाही असंही होऊ शकेल. काकूंचा चेहरा उजळला. मला मात्र आत कुठेतरी खटकत होतं. तीन मूतखडे, मोडलेलं मनगट, २४६ अल्कलाइन फॉस्फटेज. बिनत्रासाच्या जन्मजात आजारात हे बसत नाही. पण आकडा समोर होता, आणि आकड्याचा मोह मोठा असतो. त्याच मोहावर मघाशी मी कोणाला तरी नावं ठेवली होती.

वाचवलं काकांनी. उठता उठता त्यांनी काकूंच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली, तिकिटांच्या गठ्ठ्यासारखी एकावर एक, आणि चष्मा कपाळावर चढवून रक्तदाबाच्या गोळीची पाठ वाचू लागले. "मॅडम, ही टेल्मिसार्टनची आहे ना? मग याच्यात हे दुसरं काय लिहून आहे बारीक?"

ते क्लोरथॅलिडोन होतं, १२.५ मिलिग्रॅम. मी विचारलं होतं, "बीपीची कोणती गोळी घेता?" काकूंनी पहिलं नाव सांगितलं होतं, मी तेवढंच लिहून घेतलं होतं. क्लोरथॅलिडोन थायझाइडच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या, जातकुळीतलं. ते मूत्रपिंडाला कॅल्शिअम धरून ठेवायला लावतं. त्यामुळे लघवीतलं कॅल्शिअम घटतं आणि रक्तातलं थोडं वाढतं. खडे होऊ नयेत म्हणून याच गुणासाठी ते दिलंही जातं. त्यात भर ड जीवनसत्त्वाची. ते ९ वर असताना आतड्यातून कॅल्शिअम पुरेसं शोषलंच जात नाही, मग लघवीत येणार कुठून? दोन वेगवेगळ्या कारणांनी लघवीतलं कॅल्शिअम खाली दाबलं गेलं होतं आणि मी ते वंशावळीच्या नावावर लिहायला निघाले होते.

रक्तदाबासाठी ती गोळी बदलून अम्लोडिपिन दिलं. आणि ड जीवनसत्त्व भरायला घेतलं. याला बरेच डॉक्टर घाबरतात: कॅल्शिअम आधीच जास्त, त्यात ड कसं द्यायचं? पण न दिल्याचा तोटा मोठा. कमतरता पीटीएचला आणखी चिथावते, हाडं आणखी झिजतात, आणि शस्त्रक्रियेनंतर कॅल्शिअम कोसळायची भीती वाढते. फक्त घाई करायची नाही. आठवड्याला साठ हजारांची पुडी किंवा सहा लाखांचं इंजेक्शन इथे नको. रोज २००० युनिट, आणि मधून मधून कॅल्शिअम बघायचं. नागपूरच्या उन्हात राहणाऱ्या बाईचं ड जीवनसत्त्व ९ कसं, असं काकांनी विचारलं. काकू पहाटे पाचला स्वयंपाकघरात शिरतात, रात्री दहाला बाहेर येतात, मधे बाजारात गेल्या तर डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात गुंडाळून. ऊन शहरावर पडतं, त्यांच्यावर नाही. शिवाय वाढलेलं पीटीएच स्वतःच ड जीवनसत्त्वाचा साठा लवकर संपवतं.

दरम्यान मुलाचं कॅल्शिअम पुण्याहून आलं, ९.६. बहिणीचं ९.४. आणि काकांनी घरातल्या लोखंडी पेटीतून काकूंच्या २०१४ सालच्या पोटाच्या शस्त्रक्रियेची फाइल शोधून काढली. तिच्यात भूल देण्याआधीच्या तपासण्या होत्या: कॅल्शिअम ९.३. जन्मजात बधिर संवेदक असता तर हा आकडा दहा वर्षांपूर्वीही वाढलेला असता. जनुकीय तपासणीचा मोठा खर्च त्या पिवळ्या पडलेल्या कागदानं वाचवला. तेव्हापासून मी जुने रिपोर्ट टाकून देऊ नका असं सांगताना आवाज थोडा चढवते.

तान्हा पोळ्याच्या आठवड्यात दुसऱ्यांदा लघवी गोळा झाली. थायझाइड बंद होऊन अडीच महिने झाले होते, ड जीवनसत्त्व २६ वर आलं होतं. लघवी १.९ लिटर, कॅल्शिअम दर डेसिलिटरला १६, म्हणजे दिवसाला ३०४ मिलिग्रॅम. क्रिएटिनिन ४४. रक्तात कॅल्शिअम ११.६, क्रिएटिनिन ०.८. भागाकार ०.०२५. थायझाइड काढूनही कॅल्शिअम खाली आलं नाही, हेही महत्त्वाचं. दोष गोळीचा असता तर ते उतरलं असतं.

डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करताना कोपर आणि मनगट यांमधलं हाड मुद्दाम मागून घेतलं. बऱ्याच ठिकाणी फक्त कमर आणि खुबा मोजतात. पीटीएच मात्र आधी बाहेरचं कठीण कवच खातं, आणि ते कवच हाताच्या हाडात सगळ्यात जास्त असतं. कमरेचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना, जितका उणे तितकं हाड विरळ) उणे १.८, हाताचा उणे ३.१. फक्त कमर बघितली असती तर "हाडं थोडी विरळ" एवढंच लिहून आलं असतं.

स्कॅन यानंतर. क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला) निदान करत नाहीत, गाठीचा पत्ता सांगतात. पत्ता सापडला नाही म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि निदान नसताना सापडलेला पत्ता चुकीच्या घरी नेऊ शकतो. काकूंच्या बाबतीत दोन्ही स्कॅननी एकच ठिकाण दाखवलं, डावीकडची खालची ग्रंथी. दहांतल्या आठ रुग्णांत अशी एकच गाठ असते.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत ठरली, कारण पोरं गावी गेली की मेस बंद. दुसऱ्या कोणत्याही तारखेला काकू तयार नव्हत्या. गाठ १.४ ग्रॅमची निघाली, म्हणजे निरोगी ग्रंथीच्या तीस-चाळीस पट. गाठ काढण्याआधी पीटीएच १५१, काढल्यावर दहा मिनिटांनी ३४. दहा मिनिटांत निम्म्याहून जास्त उतरलं की दुसरी गाठ शोधत मान उचकायची गरज बहुधा नसते. तपासणीत साधी गाठ, अॅडिनोमा.

खरी रात्र नंतरची. दुसऱ्या दिवशी रात्री काकूंच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. वॉर्डात कोणीतरी म्हणालं, घाबरल्या असतील. रक्तदाबाचा पट्टा दंडावर फुगवून ठेवला तर दोन मिनिटांत मनगट आणि बोटं आत वळली. कॅल्शिअम ७.४.

मानेच्या शस्त्रक्रियेनंतर कॅल्शिअम कोसळलं की पहिला विचार येतो तो असा की उरलेल्या ग्रंथींना धक्का लागला, पीटीएच बंद पडलं. थायरॉइडच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर हे दिसतं. पण दुसरंही एक कारण असतं, आणि दोन्हींत फरक करायला फॉस्फरस पुरतं. पीटीएच नसेल तर मूत्रपिंड फॉस्फरस सोडत नाही, म्हणून कॅल्शिअम कमी आणि फॉस्फरस जास्त. काकूंचं फॉस्फरस १.९, मॅग्नेशिअमही खालच्या काठावर, पीटीएच ४१. म्हणजे ग्रंथी जाग्या होत्या आणि हाक मारत होत्या. कॅल्शिअम जात होतं हाडांत. वर्षानुवर्षं ओरबाडली गेलेली हाडं लुटारू गेल्याबरोबर जे मिळेल ते ओढून घेत होती. याला हाडांची भूक म्हणतात, आणि मेस चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवावं लागलं नाही. ज्यांचं अल्कलाइन फॉस्फटेज आधी जास्त असतं त्यांच्यात ही भूक दांडगी असते. २४६ चा इशारा मेपासून कागदावर होताच.

शिरेतून कॅल्शिअम ग्लुकोनेट, ईसीजीवर नजर ठेवून. मग तोंडातून कॅल्शिअमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाचं तयार सक्रिय रूप, मॅग्नेशिअमही. सहा दिवस रुग्णालयात राहावं लागलं, ठरलं होतं दोन. काका रोज सकाळी आकडा विचारायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे: ७.४, ७.६, ७.५, ७.९, ८.२, ८.४.

हे लिहिताना त्या वॉर्डातलाच आणखी एक रुग्ण आठवतो. त्याचं कॅल्शिअम ६.९ होतं, पीटीएच कमी, सगळे म्हणाले ग्रंथी बंद. मॅग्नेशिअम कोणी मोजलं नव्हतं. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेऊन ते घसरलं होतं, आणि मॅग्नेशिअम फार कमी झालं की ग्रंथी पीटीएच सोडूच शकत नाहीत. मॅग्नेशिअम भरल्यावर सगळं ताळ्यावर आलं. तिथे नुसतं कॅल्शिअम ओतत राहिलो असतो तर पोत्याच्या तळाला भोक ठेवून वरून धान्य भरल्यासारखं झालं असतं. आणि याच्या उलटही असतं: कॅल्शिअम कमी, फॉस्फरस जास्त, तरी पीटीएच भरपूर. तिथे ग्रंथी ओरडत असते आणि शरीर ऐकत नसतं. फुलर ऑलब्राइटने १९४२ साली त्याचं वर्णन केलं. तसा मुलगा मी एकदाच पाहिलाय, चौथं बोट आखूड असलेला, आणि त्याला फिट्स येतात म्हणून चार वर्षं भलतीच औषधं चालू होती.

सहा महिन्यांनी, मे महिन्यात, काकू पुन्हा आल्या. कॅल्शिअम ९.३, २०१४ सालच्या फाइलीतल्याइतकंच. पीटीएच ४८, अल्कलाइन फॉस्फटेज १०२. यंदा रक्त सकाळी सातला लॅबमध्ये जाऊन दिलं होतं, काकांनी जांभळं झाकण स्वतः बघून घेतलं होतं. रात्री एकदाच उठावं लागतं म्हणाल्या. पोळ्या लाटताना बसावं वाटतं का विचारलं तर म्हणाल्या, "बसते ना. पण आता मोबाइल पाहाले बसते."

मग पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. "पण खडा तर तिथंच आहे ना मॅडम?"

होता. सहा मिलिमीटर, तसाच. शस्त्रक्रियेनं पुढचे खडे व्हायचं प्रमाण कमी होतं, झालेला विरघळत नाही. त्याचं काय करायचं हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारू असं ठरलं, आणि हाताच्या हाडाचा डेक्सा पुन्हा नोव्हेंबरमध्ये, मेसला सुट्टी असेल तेव्हा.